उपचार म्हणजे उपकार नव्हे

गेल्या सहा-सात महिन्यांत एक प्रश्न मला किमान वीस जणांनी विचारला असेल. "डॉक्टर कायले बदलवला?" विहारात विचारला, लग्नाच्या पंगतीत विचारला, एस.टी.च्या खिडकीतून ओरडून विचारला. आईला जेवण जाते का, किमोचे किती डोस राहिले, पैशांचे कसे चालले आहे, हे प्रश्न त्यानंतर, आणि तेही आठवले तर. विचारण्याचा सूर असा, की आम्ही कुणाचे तरी मीठ खाऊन त्याच्यावर उलटलो. प्रत्येकाला रस्त्यात उभे राहून सगळे सांगणे शक्य नाही, म्हणून इथे लिहिते. प्रश्न आमच्या एका घराचा असता तर लिहिलेही नसते. पण वस्त्यांमध्ये काम करताना मी हेच पुन्हा पुन्हा पाहते. आपल्या बायाबापड्या डॉक्टरची बोलणी खातात, पण डॉक्टर बदलायला कचरतात. आणि फारच असह्य झाले, की उपचारच सोडून घरी बसतात.

हकीकत अशी. आई ५९ वर्षांची. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात ती २७ वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. मागच्या पावसाळ्यात तिच्या डाव्या स्तनात गाठ लागली. बायोप्सी झाली, कॅन्सर निघाला. गाठ मोठी होती, म्हणून आधी किमो देऊन ती लहान करायची आणि मग ऑपरेशन, असे ठरले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात उपचार सुरू झाले. दर २१ दिवसांनी एक डोस, आणि दर वेळी चार तासांचा एस.टी.चा प्रवास.

पहिल्याच दिवशी आमच्या आधी एक बाई आत होत्या, स्वतःच्या पैशाने उपचार घेणाऱ्या. दार अर्धे उघडे होते, बोलणे बाहेर ऐकू येत होते. "काकू, तुम्ही घाबरू नका, तुम्हाला मी सगळं समजावून सांगतो." मग आमचा नंबर लागला. फाईलवर योजनेचा शिक्का होता. "हं, मावशी, तू कधीपासून अंगावर काढतेस?" विदर्भात 'तू' सहज म्हणतात, हे मला माहीत आहे. पण पाच मिनिटांपूर्वीच त्या तोंडाला 'तुम्ही' येत होते, हेही मी ऐकले होते.

तपासताना पडदा ओढलेला नव्हता. खोलीत औषध कंपनीचा एमआर मांडीवर बॅग घेऊन बसला होता. आईने पदर सोडला नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "या वयात लाजतेस काय, कोण बघतंय तुला?" नर्स हसली. एमआरही हसला. आईने डोळे मिटून घेतले. परतीच्या गाडीत हिंगणघाट येईपर्यंत ती बोलली नाही.

तरीही आम्ही तिथेच राहिलो. बोलणे खाल्ल्याने कुणी मरत नाही, असे आई म्हणाली, आणि मलाही तेव्हा उपचाराची घडी विस्कटायची नव्हती. खरी गोष्ट दुसऱ्या डोसनंतर घडली. दहाव्या दिवशी रात्री आईला १०१ ताप भरला. त्याच रुग्णालयाने दिलेल्या छापील कागदावर लिहिले होते, की ताप १००.४ च्या वर गेला तर ताबडतोब फोन करा. मी केला. "रात्री अकराला फोन करतात का? पॅरासिटामॉल द्या. आणि सारखे सारखे फोन करू नका."

इथे थोडे थांबून सांगते, कारण हे प्रत्येक घराला माहीत असायला हवे. किमोचे औषध कॅन्सरच्या पेशींबरोबर रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मारते. साधारण दुसऱ्या आठवड्यात त्या सगळ्यात कमी असतात. तेव्हा शरीरात जंतू शिरला तर त्याच्याशी लढायला कुणी नसते. सूज येत नाही, पू होत नाही, फक्त ताप येतो. म्हणून किमोनंतरचा ताप हा साधा ताप धरत नाहीत, तासाभरात अँटिबायोटिक सुरू करायची धडपड असते. पॅरासिटामॉलने ताप उतरतो आणि घरच्यांना वाटते, बरे झाले. आत मात्र जंतू वाढत राहतो.

गावातल्या एका भावाची गाडी मिळाली, आम्ही रात्रीच जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेलो. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टर मुलगी होती, तिचे डोळे झोपेने लाल झालेले. तिने पहिला प्रश्न विचारला, "किमोला किती दिवस झाले?" पांढऱ्या पेशी ८०० निघाल्या. किमान चार हजार असायला हव्यात. पाच दिवस सलाईन आणि अँटिबायोटिक. त्या मुलीचे उपकार म्हणाल तर तीही म्हणाली असती, की हे माझे काम आहे.

तिसऱ्या डोसला आई वही घेऊन गेली. शंभर पानी, रेघांची. अंगणवाडीत वजनांचे, लसींचे, आहाराचे रजिस्टर भरून भरून तिच्या हाताला ते वळणच पडले आहे. कधी ताप, किती ताप, उलट्या किती वेळा, कोणती गोळी कितीला घेतली, सरकारी रुग्णालयात काय काय दिले, सगळे तारीखवार. डॉक्टरांनी वही बघितली, आणि हाताने बाजूला सारली. "मावशी, हे पोषण आहाराचं रजिस्टर नाही. डॉक्टर तू आहेस की मी?" मी तापाचा आणि फोनचा विषय काढला, बायोप्सीचा पूर्ण अहवाल मागितला. तर म्हणाले, "तुम्हाला तो वाचता येणार आहे का? समाजसेवा वस्तीत करा. इथे फुकटात उपचार चाललेत, तरी तक्रारी संपत नाहीत."

'फुकट' या शब्दाचा हिशोब करायला हवा. योजनेतल्या रुग्णामागे रुग्णालयाला ठरलेल्या दराने सरकारी तिजोरीतून पैसे मिळतात. दर कमी असेल, पैसे उशिरा येत असतील, तर ते भांडण रुग्णालयाचे आणि सरकारचे. ती तिजोरी साबण, तेल, चप्पल, मोबाइलचे रिचार्ज अशा प्रत्येक खरेदीवर कर भरणाऱ्या आईनेही भरली आहे. २७ वर्षे ती राज्याची पोरे मोजते, तोलते, खाऊ घालते. राज्याने तिच्या कामाला कधी पगार म्हटले नाही, मानधन म्हटले. आणि तिच्या उपचाराची वेळ आली तेव्हा मात्र ते फुकट झाले. योजनेला जोतिरावांचे नाव आहे. त्या नावाची फाईल हातात घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईने मान खाली घालायची, हे मला पटत नाही.

आता काही वाचक डॉक्टरांचे आडनाव विचारतील. प्रत्यक्षात अनेकांनी विचारलेच. मी सांगत नाही, आणि भीतीपोटी गप्प आहे असेही समजू नका. आडनाव 'त्यांच्यातले' निघाले तर तुम्ही म्हणाल, 'बघा, म्हणूनच', आणि चर्चा संपेल. आडनाव 'आपल्यातले' निघाले तर म्हणाल, 'मग चारचौघांत कशाला बोलता', आणि चर्चा तशीही संपेल. दोन्हीकडे आईच्या तापाला जागा नाही. तिच्याशी जे वागणे झाले ते वागणे म्हणून तपासा.

याचा अर्थ जातीचा संबंध नाही, असा काढू नका. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. त्या शिक्षकाचे पत्र १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आले होते. बायको बाळंत झाली, आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता, म्हणून बाळंतिणीला पोरासकट वस्तीबाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला. पुन्हा मात्र तपासायला आला नाही. फी देऊनही आला नाही. ती बाई गेली.

आज आईच्या शिरेत सुई टोचायला कुणी तिसरा माणूस लागत नाही. कायद्याने आणि चळवळीने एवढे मिळवले आहे. पण अंतर ठेवायच्या जागा बदलल्या आहेत. 'काकू' आणि 'मावशी'त ते अंतर आहे, न ओढलेल्या पडद्यात आहे, 'तुला वाचता येणार आहे का' या प्रश्नात आहे. फाईलवरचा शिक्का, बोलण्याची ढब, गावाचे नाव, पायातली चप्पल, यावरून कोणाला किती वेळ द्यायचा ते ठरते. जात त्यात कधी उघड असते, कधी गरिबीच्या आड असते. आणि तसे वागायला डॉक्टर सवर्णच असावा लागतो असे नाही, त्या खुर्चीची सवय लागली की पुरते.

आपल्या बाजूलाही एक दुखणे आहे. आईच्या विहारातल्या एका बाई मला म्हणाल्या, "पोरी, डॉक्टर म्हणजे देव असते, देवाले उलटून बोलू नये." त्यांच्या घरात बावीस प्रतिज्ञांची तसबीर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या आज्या-आजोबांनी नागपुरात तेहतीस कोटी सोडले, आणि आपण पांढऱ्या कोटातला एक धरून ठेवला. देवाला अहवाल मागता येत नाही. त्याने ताप कमी लेखला तर दोष आपल्या नशिबाचा किंवा कर्माचा. कर्माचा हा हिशोब आपण कशासाठी नाकारला होता?

एम.ए.ला आम्हाला टालकट पार्सन्सची 'रुग्ण-भूमिका' शिकवली होती. १९५१ च्या पुस्तकातली. आजारी माणसाला रोजच्या कामातून सूट मिळते, आणि त्या बदल्यात त्याने बरे होण्याची इच्छा धरायची, तज्ज्ञाकडे जायचे, त्याला सहकार्य करायचे. परीक्षेत मी यावर चांगले गुण मिळवले. आता आईकडे बघते तर सूट कुठे दिसत नाही. किमोच्या तिसऱ्या दिवशी ती भांडी घासत होती, आणि सुपरवायझर बाईंचा रजिस्टरसाठी फोन येत होता. सहकार्याची अपेक्षा मात्र शंभर टक्के. पुढे एलियट फ्रीडसनने या मांडणीवर टीका केली, वैद्यकीय व्यवसायाच्या वर्चस्वाबद्दल लिहिले. तो धडा आमच्या वर्गात शेवटच्या आठवड्यात घाईघाईने उरकला होता.

आता बदलले कसे, ते सांगते. कारण रागाच्या भरात रुग्णालयातून उठून येणे म्हणजे डॉक्टर बदलणे नव्हे. कॅन्सरमध्ये डोसची तारीख चुकवणे महागात पडू शकते. तिसरा डोस आम्ही तिथेच घेतला, आणि मधल्या २१ दिवसांत हालचाल केली. आधी दुसरीकडे मत घेतले, तिथली तारीख हातात आली, त्यानंतरच पहिले ठिकाण सोडले. दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे, असे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत स्पष्ट लिहिले आहे. तिचा मसुदा २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लोकांसमोर ठेवला होता. आपल्या किती कार्यकर्त्यांनी तो वाचला आहे?

मग कागद. काउंटरवरचा माणूस म्हणाला, साहेबांची सही लागेल, साहेब रजेवर आहेत. मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहिता विनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. अर्जात ते वाक्य आणि ते साल लिहिले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी झेरॉक्स मिळाल्या. साहेबांची सही त्यांवर होती, ते रजेवरून कधी आले कुणास ठाऊक.

फक्त डिस्चार्ज कार्ड घेऊन निघू नका. बायोप्सीचा पूर्ण अहवाल हवा. ज्या मेणाच्या ठोकळ्यात गाठीचा तुकडा जपलेला असतो तो ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड हव्यात, म्हणजे नव्या ठिकाणी त्या पुन्हा तपासता येतात. स्कॅनच्या कागदाबरोबर सीडी हवी. आणि किमोचा तक्ता हवाच: कोणते औषध, किती मिलिग्रॅम, कोणत्या तारखेला. आईला दिले जाणारे लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, हृदयाच्या स्नायूला इजा करू शकते, म्हणून आयुष्यभरात ते किती द्यायचे याला मर्यादा असते. आधी किती गेले हे माहीत नसेल तर नव्या डॉक्टरने पुढचे कशावरून ठरवायचे? कागद अडवून ठेवणारा माणूस उपचारच अडवत असतो.

योजनेच्या बाबतीत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठले. पहिल्या ठिकाणची मंजुरी बंद होऊन दुसऱ्या ठिकाणाहून नव्याने मंजुरी यायला नऊ दिवस गेले. ते नऊ दिवस मी नीट झोपले नाही. चौथा डोस चार दिवस उशिरा लागला. पहिल्या डॉक्टरांचा निरोप आला होता, मध्येच सोडले तर जबाबदारी तुमची. जबाबदारी तर तापाच्या रात्रीही आमचीच होती.

नव्या ठिकाणच्या डॉक्टर बाईंनी आईची वही अर्धा तास वाचली. मधेच हसून म्हणाल्या, "एवढं आमचे ज्युनियरसुद्धा लिहीत नाहीत." मग बायोप्सीच्या अहवालावर बोट ठेवले. 'हर-टू' नावाच्या तपासणीपुढे २+ लिहिले होते. २+ म्हणजे होय की नाही ते ठरलेले नाही, त्यासाठी 'फिश' ही पुढची तपासणी करावी लागते. होय निघाले तर त्यावर नेमके चालणारे वेगळे औषध सोबत द्यावे लागते. ही तपासणी तीन डोस होईपर्यंत कुणी सांगितली नव्हती, केली नव्हती. आम्हाला तो अहवालच वाचू दिला नव्हता.

तपासणी केली. नकारात्मक आली. उपचारात काही बदलले नाही. त्यावर माझे मामा म्हणाले, "मग फायदा काय झाला बदलवून?" हा प्रश्न मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकला आहे. जणू पहिला डॉक्टर मोठी चूक करताना पकडला गेला तरच आम्हाला बदलण्याचा परवाना. नकारात्मक हेही उत्तर आहे, आणि ते मिळण्याचा आईला हक्क होता. शिवाय आता डोसनंतर दुसऱ्या आठवड्यात तिथली नर्स स्वतः फोन करते, ताप आहे का विचारते. तो फोन आईच्या उपचाराचा भाग आहे, औषधाइतकाच.

अपमानाची किंमत आरोग्याच्या हिशोबात कुणी धरत नाही. मी काम करते त्या वस्तीत एका बाईने गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे रेडिएशन निम्म्यावर सोडले. तिच्या फाईलवर 'लॉस्ट टू फॉलो-अप' असा शेरा आहे. म्हणजे ती हरवली. तिचे घर मला माहीत आहे, तिच्या नवऱ्याचा मोबाइल नंबर त्याच फाईलवर आहे. ती मला म्हणाली, टेबलावर झोपवून ते आपसात माझ्या वासाबद्दल बोलत होते. त्यानंतर ती एका जडीबुटीवाल्याकडे जाऊ लागली, कारण तो तिला 'ताई' म्हणतो. अंधश्रद्धा निर्मूलनाची भाषणे आपण त्या जडीबुटीवाल्याविरुद्ध करतो, केलीच पाहिजेत. पण तिला त्याच्या दारात नेऊन सोडणारा शिकलेला होता, विज्ञान शिकलेला.

डॉक्टरांची बाजू मला दिसत नाही असे नाही. एका सकाळी ऐंशी रुग्ण, वर योजनेची कागदपत्रे, वर मालकाचे हिशोब. डॉक्टरला मारहाण करणाऱ्यांबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही, आणि तरुण पोरांना सांगते, की रुग्णालयात जमाव घेऊन जाणे ही चळवळ नव्हे. त्यासाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, आणि तो असायला हवा. पण त्या रात्रपाळीच्या मुलीवरही ताण होताच. तिने चार शब्दांचा एक प्रश्न विचारला. तेवढ्याला वेळ लागत नाही.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडलेला तथागतांना दिसला. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून पलंगावर ठेवले. त्यानंतर रुग्णाची सेवा करायला कोण योग्य, त्याचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता यावे, पथ्य काय आणि कुपथ्य काय ते कळावे, सेवा लाभासाठी नसून मैत्रीभावाने असावी, मलमूत्र आणि वांतीची किळस नसावी, आणि आजाऱ्याला वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने उभारी देता यावी. तिथेच आजाऱ्याचेही गुण सांगितले आहेत, आणि त्यांत एक असा, की त्याने आपल्या दुखण्याची खरी खरी हकीकत सेवा करणाऱ्याला सांगावी. म्हणजे वही लिहिणे हे रुग्णाचे काम आहे, आणि ती वाचणे हे दुसऱ्या बाजूचे. अडीच हजार वर्षांपूर्वी हे ठरले आहे.

विहारात दर रविवारी वंदना होते, मग चहा होतो. त्या चहाच्या वेळेत आमच्याकडे गेल्या महिन्यापासून दोन मुली बसतात. एक नर्सिंगला आहे, एक कायद्याला. लोक आपापल्या पिशव्यांतून कागद काढतात. कुणाचे एक्स-रे असतात, कुणाची जुनी चिठ्ठी. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची, आरोग्यमित्राला काय विचारायचे, एवढेच चालते. पहिल्या रविवारी तीन जण आले होते, परवा अकरा. तुमच्या विहारात करायचे असेल तर अर्जाचा नमुना मी पाठवते.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करायच्या तक्रारीचा मसुदा मी लिहून ठेवला आहे. तापाच्या रात्रीचा फोन, न ओढलेला पडदा, न दिलेला अहवाल, तिन्ही गोष्टी त्यात आहेत. आईची सही व्हायची आहे. ऑपरेशन झाले, सध्या रेडिएशन सुरू आहे, पंधरापैकी नऊ झाले. मसुदा तिने दोनदा वाचला, फोनची नेमकी वेळ पेन्सिलने घातली, आणि म्हणाली, "अजून सहा राहिले. ते होऊ दे, मग मी माह्या हातानं लिहून देतो."

जयभीम.